पातळभाऊंचा प्रामाणिक स्लॅब

"मी या वेळी काहीच केलेलं नाही," दारात उभा असलेला माणूस म्हणाला.

निरपराध माणसाने 'या वेळी' हे शब्द वापरले नसते, असं जावईबापूंना वाटलं. पण आलेल्या अशिलाला खुर्ची पुढे करणं एवढंच त्यांच्या हातात होतं. त्यांनी ती केली.

खासगी तपासाचा हा धंदा त्यांच्या सासूबाईंचा. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि निवृत्तीनंतर तेच काम त्यांनी घरच्या बैठकीत सुरू केलं होतं. जावईबापू त्यांचे सहायक होते, म्हणजे गाडी जावईबापूंची होती. सासूबाई जावई म्हणून त्यांना पूर्ण मान देत. 'तुम्ही', 'जरा', 'कृपा करून' असे सगळे शब्द वापरून त्या त्यांचा जो अपमान करत, तो दुसऱ्या कोणाला अरेतुरे करूनही जमला नसता.

"नाव?" सासूबाईंनी विचारलं.

"मी बांधकामाचा कंत्राटदार. सगळे मला पातळभाऊ म्हणतात."

जावईबापूंनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं. "अंगावरून तर वाटत नाही."

"काँक्रीटवरून म्हणतात," पातळभाऊ शांतपणे म्हणाले. "सिमेंट कमी, पाणी जास्त. वर्षानुवर्षं तेच केलं, पण चाचणीत कधी नापास झालो नाही. मागचं गोदाम घ्या, अजून उभं आहे."

"त्या गोदामात ठेवतात काय?"

"उशा."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. त्या वैतागल्या की असं करत.

"पण आता शाळेच्या नव्या वर्गखोल्यांचं काम आहे," पातळभाऊ पुढे म्हणाले. "माझी मुलगी त्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली. तिची खुर्ची माझ्याच स्लॅबखाली येणार. म्हटलं, आता पुरे. सिमेंट पूर्ण घातलं, पाणी मोजून घातलं, खडी धुऊन घेतली. बाई, आयुष्यात पहिल्यांदा मी खडी धुतली. आणि नेमके याच वेळी क्यूब नापास झाले."

जावईबापूंचा चेहरा कोरा दिसला म्हणून पातळभाऊंनी समजावून सांगितलं. स्लॅब ओतताना त्याच काँक्रीटमधलं थोडं लोखंडी साच्यांत भरून ठोकळे करतात. त्यांना क्यूब म्हणतात. महिनाभर ते पाण्याच्या टाकीत ठेवायचे आणि मग मशीनखाली दाबून फोडायचे. ते किती दाब सोसतात, त्यावरून इमारतीची ताकद ठरते. मधे कोणी हातचलाखी करू नये म्हणून बाहेरचा एक साक्षीदार पहिल्यापासून शेवटपर्यंत समोर उभा असतो.

"पंचवीसच्या पुढे आकडा यायला हवा होता. तिन्ही क्यूब पंधरा-सोळाला आटोपले. शाळेच्या संस्थेने सांगितलं, सगळं पाडा. उद्या सकाळी तोडायला सुरुवात. मुलगी मला म्हणाली, 'बाबा, निदान माझ्या डोक्यावरचं तरी नीट करायचं होतं.' तेव्हापासून बोलत नाही ती माझ्याशी."

"तुम्हाला काय वाटतं?" सासूबाईंनी विचारलं.

"माझे चांगले क्यूब काढून कोणीतरी तिथे पातळ क्यूब ठेवले."

"तुम्ही पूर्वी याच्या उलट करत होतात."

"म्हणून तर ओळखलं," पातळभाऊ म्हणाले.

सासूबाई उठल्या. "जावईबापू, गाडी काढता का जरा? आणि कृपा करून आधी त्यातली तुमची रिकामी डबडी काढा."

शाळेच्या आवारात दोन इमारती होत्या. जुनीत वर्ग चालू होते. नवी तिच्यासमोरच होती, अजून रंग न लागलेली. तोडायला यायचे ते हातोडेवाले एक दिवस आधीच येऊन बसले होते. ऊन फार होतं, म्हणून ते उद्या पाडायच्या स्लॅबच्या सावलीत आडवे झाले होते. त्यातला एक घोरत होता.

"यांना भीती नाही वाटत?" जावईबापूंनी विचारलं.

"चांगला प्रश्न आहे. उत्तर तुम्हीच शोधा." सासूबाईंनी त्यांच्या हातात खिळा आणि हातोडी दिली. "त्या कॉलममध्ये हा ठोका बघू."

पहिला खिळा वाकला. दुसराही वाकला. तिसऱ्या वेळी हातोडी उसळून जावईबापूंच्या अंगठ्यावर आली.

"आई, अंगठा फुटला."

"पण कॉलम नाही फुटला ना? झालं तर मग."

क्यूब ठेवायची टाकी मागच्या बाजूला होती. तिला जाळीचं झाकण होतं आणि झाकणाला कुलूप. टाकीच्या काठावर पातळभाऊंचा मेव्हणा बसला होता. बहिणीच्या सासरी नोकरी करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जी कायमची अपराधी छटा असते, ती त्याच्याही चेहऱ्यावर होती. साइटवरचं सिमेंट त्याच्या ताब्यात असे. जाळीच्या रुंद भोकांतून सुतळ्या सोडून त्याने टाकीत सोड्याच्या बाटल्या गार करत ठेवल्या होत्या.

जावईबापूंना एकदम सगळं उलगडलं. "आई, सोडा. बाटल्या गळल्या, सोडा पाण्यात गेला, क्यूब भुसभुशीत झाले."

सासूबाईंनी एक सुतळी ओढली. बाटली वर आली. तिचं बूच घट्ट होतं. त्यांनी ती जावईबापूंच्या हातात दिली आणि मेव्हण्याकडे वळल्या. "टाकीची किल्ली कोणाकडे असते?"

"साक्षीला उभ्या असतात त्या साक्षीबाईंकडे. गळ्यात घालतात. आंघोळीलाही काढत नसतील."

"आणि सिमेंटमध्ये तुम्ही काय केलंत?"

प्रश्न सरळच होता, पण मेव्हण्याच्या कपाळावर घाम आला. "दाजींना सांगू नका. मी दर मालाला थोडं इकडेतिकडे केलं."

"कमी घातलंत?"

"जास्त घातलं," तो पुटपुटला. "दाजी पहिल्यांदाच प्रामाणिकपणे काम करत होते. हात बसलेला नाही त्यांचा. म्हटलं, कमी पडायला नको. दाजींच्या नकळत दोन-दोन घमेली जास्तच टाकत गेलो."

जावईबापूंनी बाटलीतला सोडा पिऊन टाकला. चोरून सिमेंट जास्त घालणारा माणूस त्यांच्या माहितीत हा पहिलाच होता. अशा माणसावर संशय घ्यायचा तरी कसा, हे त्यांना कळेना.

साक्षीबाई चाचणीच्या पत्र्याच्या शेडबाहेर ताठ उभ्या होत्या. जवळच खुर्ची होती, तिच्यावर त्या बसत नव्हत्या.

"बसलं की डोळा लागतो," त्या म्हणाल्या. "माझ्या आधीचा साक्षीदार झाडाखाली झोपून सह्या करायचा. त्याच्या काळात या माणसाचं गोदाम पास झालं. मी डोळे मिटत नाही. शिंक आली तरी नाही."

"शिंकताना डोळे आपोआप मिटतात," जावईबापू म्हणाले.

"सरावाने उघडे राहतात."

जावईबापूंनी मनातल्या मनात शिंकून पाहिलं. जमलं नाही.

"क्यूब बदलले गेले असतील?" सासूबाईंनी विचारलं.

"शक्यच नाही." साक्षीबाईंनी पिशवीतून पितळेचा जाड शिक्का काढला. त्यावर उघडा डोळा कोरलेला होता. "हा मी मुद्दाम करवून घेतला. या कामापासूनच वापरायला लागले. साचा भरून वरून थापी फिरवली की ओल्या काँक्रीटमध्ये मी हा खोल दाबते. कडा फुगून वर येतात. याची नक्कल करून दाखवा कोणीही."

"क्यूबच्या वरच्याच तोंडावर दाबता?"

"दुसरीकडे कुठे दाबणार? बाकी पाच बाजूंना साच्याचं लोखंड असतं. टाकीला कुलूप माझं. बाहेर काढताना मी समोर. मशीनमध्ये ठेवतानाही माझा डोळा मला दिसत राहिला पाहिजे, वरची प्लेट येऊन टेकेपर्यंत. तेवढ्यात बदलणारेही लोक असतात. तिन्ही क्यूब माझेच होते. ते पडले, कारण ते पातळ होते. त्या माणसाचं नाव ऐकलंत ना?"

"ऐकलं. अजून क्यूब आहेत?"

"मी नेहमी तीन जास्तीचे भरते. टाकीत आहेत. पातळभाऊ म्हणाले होते तेही फोडून बघा. संस्था म्हणाली, कशाला उगाच."

शेडमध्ये मशीन चालवणारे प्रेसकाका स्टुलावर बसून मशीन पुसत होते. ते चकचकीत होतं तरी पुसत होते. ज्याच्याशी कोणी बोलत नाही तो माणूस असंच काहीतरी पुसत असतो, हे जावईबापूंना घरच्या अनुभवावरून माहीत होतं.

"मशीनचा काटा बरोबर दाखवतो का?" सासूबाईंनी विचारलं.

"याच आठवड्यात पलीकडच्या पुलाचे क्यूब इथेच फोडले," प्रेसकाका म्हणाले. "सगळे पास. तिथे साक्षीला कोणी उभं नव्हतं. शांतपणे काम झालं."

कोपऱ्यात फुटक्या क्यूबचे दोन ढीग होते. पुलाच्या ढिगातले तुकडे डमरूसारखे होते, मधे बारीक, वर-खाली रुंद. त्यांची वरची-खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत होती. रंगाने घातलेले आकडे बाजूला, ढलप्यांवर गेले होते. शाळेच्या ढिगातले क्यूब वरून खाली सरळ चिरलेले होते, फोडलेल्या लाकडासारखे. प्रत्येक चीर डोळ्याच्या मधोमध सुरू झाली होती.

सासूबाई एक तुकडा बराच वेळ न्याहाळत राहिल्या. "कडा चेपल्यात," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "फक्त कडाच." मग प्रेसकाकांना म्हणाल्या, "क्यूब मशीनमध्ये ठेवता तुम्हीच ना?"

"हल्ली बाई सांगतात तसा ठेवतो. मी फक्त बटण दाबतो."

"पूर्वी?"

"पूर्वी मला विचारायचे." ते पुन्हा मशीन पुसायला लागले.

सासूबाईंनी डोळे मिटले. या वेळी जरा जास्तच वेळ. "जावईबापू, सगळ्यांना इथे बोलवा. आणि टाकीतले तीन क्यूब घेऊन या. साक्षीबाई, तुम्ही त्यांच्यावर नजर ठेवा. ते बदलणार नाहीत, पण पाडतील."

पत्र्याखाली सगळे दाटीवाटीने उभे राहिले. पातळभाऊ, त्यांचा मेव्हणा, साक्षीबाई, प्रेसकाका. दारातून दोन हातोडेवालेही डोकावत होते. तोडायचं की नाही हे कळलं तर बरं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"कॉलम घट्ट आहे," सासूबाईंनी सुरुवात केली. "जावईबापूंच्या अंगठ्याने ते सिद्ध केलं. सिमेंट पूर्ण आहे."

"पूर्णच घातलं," पातळभाऊ म्हणाले.

"पूर्णपेक्षा जास्त आहे. ते तुम्ही मेव्हण्याला नंतर विचारा, आणि रागावू नका. म्हणजे काँक्रीट चांगलं. क्यूबही त्याच काँक्रीटचे, कारण शिक्का खरा, कुलूप शाबूत. मशीनही ठीक, कारण पुलाचे क्यूब पास झाले. माल चांगला, क्यूब खरे, मशीन बरोबर, तरी आकडा पडला. मग उरलं काय?"

"सोडा," जावईबापू म्हणाले.

"जावईबापू, तुम्ही जरा अंगठ्याकडे लक्ष द्याल का? उरला तो फक्त क्यूब ठेवण्याचा प्रकार. प्रेसकाका, पहिला क्यूब मागच्या वेळी ठेवलात अगदी तसाच ठेवा."

प्रेसकाकांनी क्यूब ठेवला. पितळेच्या शिक्क्याचा डोळा छताकडे बघत होता. साक्षीबाईंनी समाधानाने मान हलवली. प्लेट येऊन टेकली, काटा चढायला लागला. दहा, बारा, चौदा. सोळाच्या जरासा अलीकडे कट्कन आवाज झाला आणि क्यूब उभा चिरला.

पातळभाऊ हातोडेवाल्यांकडे बघायला लागले.

"बघितलंत?" साक्षीबाई म्हणाल्या.

"आता दुसरा," सासूबाई म्हणाल्या. "काका, समोर कोणी साक्षीला नाही असं समजा. तुमच्या पद्धतीने ठेवा."

प्रेसकाका क्षणभर थांबले. मग त्यांनी क्यूब उचलला आणि आडवा केला. डोळा बाजूला गेला.

"माझी खूण लपली," साक्षीबाई ताडकन म्हणाल्या.

"लपलेली नाही. फक्त जरा वाकून बघावी लागेल."

साक्षीबाई वाकल्या. या शेडमध्ये त्या पहिल्यांदाच वाकत होत्या. प्लेट टेकली. काटा सोळाच्या पुढे गेला. वीस. पंचवीस. मेव्हणा मोठ्याने मोजायला लागला तेव्हा पातळभाऊंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. तिसाच्या पुढे काटा जरा रेंगाळला आणि चौतिसाला क्यूब चारही बाजूंनी ढासळला. मधे डमरू उरलं.

पातळभाऊंनी मेव्हण्याच्या तोंडावरचा हात आता काढला.

"पाच बाजू साच्याच्या लोखंडाला लागून गुळगुळीत होतात," सासूबाई म्हणाल्या. "सहावी थापीने सारवलेली, खडबडीत. म्हणून क्यूब नेहमी आडवा करून, गुळगुळीत बाजूंवर दाब देतात. पुलाच्या तुकड्यांत गुळगुळीत बाजू वर-खाली होत्या आणि आकडे बाजूला. तुमच्याकडे खडबडीत बाजू वर, त्यात खोल डोळा, डोळ्याच्या कडा फुगलेल्या. सगळा दाब त्या कडांवर बसला आणि लाकडात पाचर ठोकावी तसा क्यूब फुटला. साक्षीबाई, मशीनने काँक्रीट मोजलंच नाही. तुमचा शिक्का मोजला."

साक्षीबाई हातातल्या शिक्क्याकडे बघत राहिल्या. मग प्रेसकाकांकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिला क्यूब ठेवतानाच सांगायला गेलो. क्यूब आडवा करतो म्हटलं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, खूण फिरवणारा माणूस काय फिरवतो ते मला चांगलं कळतं. मी म्हटलं, बरं बाई."

"मग पुन्हा सांगायचं."

"सांगणार होतो. पण पंधरा आकडा आला आणि काम पातळभाऊंचं. वाटलं, चुकीच्या पद्धतीने का होईना, उत्तर बरोबर आलंय."

पातळभाऊंनी मान खाली घातली.

"बाईंची चूक झाली," सासूबाई प्रेसकाकांना म्हणाल्या. "तुम्ही मात्र माहीत असून गप्प बसलात. उद्या एक धडधाकट इमारत पडली असती आणि तुम्ही मशीन पुसत बसला असतात. संस्थेला फोन कोण करतंय?"

साक्षीबाईंनी केला. "चाचणीच्या पद्धतीत त्रुटी आढळली," त्या म्हणाल्या. पलीकडून बहुधा 'कोणाची' असं विचारलं गेलं. त्या थांबल्या, डोळे मिटले, उघडले. "माझी," त्या म्हणाल्या. "तोडकाम थांबवा. काकांना बोलायला देते, तेही सांगतील." प्रेसकाकांनी हात पुसून फोन घेतला आणि पहिली दोन वाक्यं नुसतेच खाकरले.

हातोडेवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि 'आधीच सांगायचं ना' असं म्हणून ते निघून गेले.

पातळभाऊंनी मुलीला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येत असल्याने फोनचा आवाज मोठा होता आणि सगळ्या शेडने ऐकला.

"पास झालं," ते म्हणाले.

पलीकडून मुलगी म्हणाली, "या वेळी कोणाला पटवलंत?"

या प्रश्नाची पातळभाऊंकडे आजवर दर वेळी तयार उत्तरं असायची. आज खरं उत्तर द्यायचं होतं, ते जुळवेपर्यंत फोन बंद झाला.

थोड्या वेळाने ती समोरच्या इमारतीतून आवार ओलांडून आली. ती वडिलांकडे न बघता सासूबाईंना म्हणाली, "एक क्यूब उरलाय ना? मी बघते."

प्रेसकाकांनी क्यूब आडवा ठेवला आणि साक्षीबाईंनी न सांगता वाकून खूण तपासली. प्लेट टेकली. काटा चढू लागला तसे सगळे काट्याकडे बघत होते. मुलगी वडिलांकडे बघत होती. पातळभाऊ जमिनीकडे. पंचवीस गेलं. तीस गेलं. जावईबापूंनी अंगठा तोंडात घातला. क्यूब ढासळला तो दुसऱ्यापेक्षाही वर.

"कोणालाच पटवलेलं नाही," पातळभाऊ जमिनीलाच म्हणाले. "खडीसुद्धा धुतली."

ती शेडबाहेर पडली, नव्या इमारतीत शिरली आणि वर्गखोलीच्या मधोमध वर बघत उभी राहिली. पातळभाऊ मागे गेले, पण दाराच्या चौकटीशीच थांबले. आत जायचं की नाही हे त्यांना ठरवता येईना.

"पंखा कुठे बसणार?" तिने विचारलं.

"हूक ठेवलाय. तो बघ, फळ्याच्या बाजूला."

"फळ्यापाशी मी असणार. पंखा मुलांच्या डोक्यावर हवा. तिथे, मधे."

"तिथे आता नव्याने भोक पाडावं लागेल." पातळभाऊंनी वर पाहिलं. "वेळ जाईल गं त्यात. फार घट्ट आहे ते."

"जाऊ दे वेळ," ती म्हणाली आणि भिंतीशी टेकलेली खुर्ची ओढून स्लॅबखाली बसली. "मी थांबते, बाबा."